अब्बांचं इंग्रजी

‘‘हाऊज दॅट, मॅडम?’’ मी विचारलं, आणि अब्बांच्या हातातली कानस थांबली.

रूथबाईंनी सतार मांडीवर सावरली, माझ्याकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘लव्हली. रिअली लव्हली.’’

मला आभाळ ठेंगणं झालं. बावीस वर्षांचा होतो. आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं जवारी काढली होती, आणि तीही साता समुद्रापलीकडून आलेल्या गिऱ्हाईकाची. वर प्रश्न इंग्रजीत विचारला होता, उत्तरही इंग्रजीत आलं होतं आणि मधे कुठं अडखळायला झालं नव्हतं. मी मोठ्या ऐटीत अब्बांकडं वळलो. ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर बाईंच्या डाव्या हातावर होती.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची, मिरजेची. आमचं घराणं सतारी आणि तंबोरे करणारं. दुकान म्हणजे गल्लीतली एक लांबट खोली. पुढं गादी, मागं काम, आणि वर आढ्याला टांगलेले वाळके भोपळे. अब्बांचं नाव दस्तगीर. त्यांच्या आधी त्या गादीवर दादा बसायचे, म्हणजे माझे आजोबा, लाडलेसाब. घरात आम्ही दखनी आणि मराठीची मिसळ बोलतो, पण दुकानात अब्बा मराठीच बोलायचे, आणि तेही मोजून.

जवारी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. काड्यापेटीहून जरा मोठी असते. तिची पाठ कानशीनं अशी घासायची की तार तिला धड चिकटणार नाही आणि धड सुटणारही नाही. त्या केसभर जागेत सतारीचा सगळा झणत्कार असतो. ती जागा साधणं म्हणजे जवारी काढणं. एक हात जास्त पडला की आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा, एक कमी पडला की तोंडावर उशी धरल्यासारखा. भोपळा कापणं, दांडी कोरणं, पडदे बांधणं, सगळं मला अठराव्या वर्षापर्यंत येत होतं. जवारीला मात्र अब्बांनी चार वर्षं हात लावू दिला नव्हता.

आमच्या घराचा आणखी एक रिवाज होता. ज्यानं जवारी काढली त्यानं घोडी बसवण्याआधी तिच्या पोटाला पेन्सिलीनं नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. घोडी बसली की ते अक्षर खाली झाकून जातं. गिऱ्हाईकाला ते कधी दिसत नाही. दहा-वीस वर्षांनी दुसरा कुणी कारागीर घोडी उचलेल, तेव्हा त्यालाच कळणार की आधीचा हात कुणाचा होता. दादांचं ‘ल’, अब्बांचं ‘द’. माझं ‘तौ’ अजून कुठंच नव्हतं. लग्नाची घाई नव्हती, गाडीची हौस नव्हती, पण त्या एका अक्षरासाठी मी झुरत होतो म्हटलं तरी चालेल.

आता अब्बांच्या स्वभावाविषयी. वाद्य तयार झालं की ते गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचे, ‘‘बघा वाजवून’’ म्हणायचे आणि चक्क पाठ फिरवायचे. खुंट्यांचा डबा उपसून बसायचे, नाहीतर समोर चहाला जायचे. ‘कसं वाटलं’ म्हणून विचारायची पद्धतच नाही. गिऱ्हाईक तासभर वाजवत बसलं तरी हे आपले गप्प. शेजारच्या दुकानात आमचे मौलाचाचा. ते गिऱ्हाईकाला तार छेडूही द्यायचे नाहीत, त्याआधीच ‘‘कसं? कसं? हाय का न्हाई आवाज?’’ असं विचारून मोकळे. माणूस बिचारा हो म्हणायचा आणि सतार घेऊन जायचा. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे मी रोज दोन भिंतींच्या मधे बसून बघत होतो. एकदा न राहवून अब्बांना म्हटलं, ‘‘गिऱ्हाईकाला जरा विचारायला काय होतंय?’’

‘‘हातच्या काकणाला आरसा कशाला?’’ अब्बा म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

त्यांच्या या घुमेपणानं धंदा बुडणार, अशी माझी खात्री होती. म्हणून मी त्यांना न सांगता इंग्रजीच्या क्लासला जायला लागलो. परदेशी माणसं मिरजेला सतारी घ्यायला येत, आमच्या दारात दोन मिनिटं उभी राहत, आणि मग बोलका चेहरा बघून मौलाचाचांकडं शिरत. ते मला बघवत नव्हतं.

क्लास कुपवाडे सरांचा. स्टेशनजवळ एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी चालू असायची, त्यामुळं आम्ही सगळे इंग्रजी ओरडूनच शिकलो. सर पोस्टातून निवृत्त झालेले, अंगानं किरकोळ, पण प्रश्नांच्या बाबतीत फार कडक. म्हणायचे, ‘‘पुस्तकातले प्रश्न बाजारात चालत नाहीत. ‘व्हॉट इज युवर ओपिनियन’ असं फौजदार विचारतो. माणसं काय विचारतात? ‘हाऊज दॅट?’ विचारतात. ‘हाऊज इट गोइंग?’ विचारतात. म्हणा सगळे.’’

आम्ही गिरणीच्या वरताण म्हणायचो.

कुठला प्रश्न कुणाला विचारायचा तेही ते सांगत. ‘व्हॉट्स अप’ आपल्या वयाच्या माणसालाच. ‘हाऊ कम’ चिडक्या माणसाला विचारायचं नाही. ‘व्हॉट एल्स’ दुकानदारानं विचारायचं, गिऱ्हाईकाचं एक काम झालं की, सावकाश, अंगावर गेल्यासारखं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘हाऊ आर यू’. ‘‘हा प्रश्न नव्हेच,’’ सर म्हणाले. ‘‘हा नमस्कार आहे. याला उत्तर एकच. फाइन.’’

आमच्यात एक शिंगाडे म्हणून रसवंतीगृहवाले होते. त्यांनी विचारलं, ‘‘सर, दाढ ठणकत असली तर?’’

‘‘तरी फाइन. साहेब दाढ उपटून घ्यायला बसला असला तरी आधी फाइन म्हणतो. विचारणाऱ्याचं मन मोडायचं नाही, ही त्यांची रीत.’’

हे मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघही ओढली होती. त्याचा उपयोग झाला असता तर आज ही गोष्ट सांगायला उरली नसती.

क्लास अब्बांपासून लपणं शक्य नव्हतं, कारण मी काम करता करता पाठांतर करायचो. एके दिवशी दांडीला पॉलिश करताना माझं ‘‘हाऊ कम, हाऊ कम’’ चाललं होतं.

‘‘म्हंजे काय?’’ अब्बांनी मान वर न करता विचारलं.

‘‘म्हणजे ‘असं कसं काय?’’’

‘‘मग ‘असं कसं काय’ म्हण की.’’

‘‘अब्बा, परदेशी माणूस आला तर?’’

‘‘आणि ते दुसरं काय म्हणत हुतास मघाशी? व्हॉट एल.’’

‘‘व्हॉट एल्स. म्हणजे ‘आणखी काय?’’’

अब्बांनी कानस उलटी करून तिच्यातला भुसा झटकला. ‘‘हा एक बरा हाय,’’ म्हणाले, आणि विषय संपला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी रूथबाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, उंच, पायात कोल्हापुरी, खांद्याला सतारीची मोठी पेटी. इंग्लंडातल्या एका लहान गावी शाळेत संगीत शिकवायच्या, आणि पुण्यात दोन महिने एका उस्तादांकडं शिकायला राहिल्या होत्या. त्यांनी पेटी उघडली आणि सतार उलटी करून दांडीच्या मागची पितळी पट्टी आम्हाला दाखवली. ‘लाडलेसाब, मिरज.’ तिकडं जुन्या सामानाच्या लिलावात त्यांना ती मिळाली होती. पट्टीवरचं गावाचं नाव वाचून, नकाशात शोधून त्या आल्या होत्या. आवाज बसला होता, आणि त्यांच्या गावाच्या आसपास जवारी काढणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची गाडी, आणि तिसऱ्या दिवशी विमान.

या खेपेला बाई आमच्या दारातून मौलाचाचांकडं गेल्या नाहीत, कारण मी उंबऱ्यातच ‘‘हाऊज इट गोइंग, मॅडम?’’ म्हणून त्यांना अडवलं होतं. ‘‘फाइन,’’ त्या म्हणाल्या. सरांची विद्या फळाला आली.

अब्बांनी तारा उतरवल्या, घोडी उचलली आणि पालथी केली. पोटाला दादांचं ‘ल’ होतं, फिकट, पण स्वच्छ. चाळीस वर्षं ते अक्षर कुणी बघितलं नव्हतं. अब्बा बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी घोडी माझ्यापुढं ठेवली.

‘‘तू कर.’’

‘‘मी?’’

‘‘का? हात न्हाईत?’’

मी घोडी पुढं ओढली. पहिला प्रश्न तोच बाहेर आला, ‘‘खाली नाव लिहू?’’

‘‘आधी काढ तर,’’ अब्बा म्हणाले. ‘‘नावाचं मी सांगतो.’’

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्या घोडीवर बसलो. घासायचं, बसवायचं, तारा चढवायच्या, ऐकायचं, पुन्हा उतरवायचं. अब्बा शेजारी आपलं काम करत होते. अध्येमध्ये फक्त ‘‘हं’’ म्हणायचे. तो हुंकार बरोबर म्हणून की चूक म्हणून, हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. बाराच्या सुमारास आवाज असा काही खुलला की माझ्याच अंगावर काटा आला. अब्बा तेव्हा नमाजाला गेले होते. मी घोडी शेवटची उचलली, बुडाचा भुसा पुसला, आणि पेन्सिल हातात घेतली.

लिहू नको असं ते म्हणाले नव्हते. मी सांगतो, असं म्हणाले होते. पण ते सांगणार ते ‘लिही’ असंच सांगणार, असं मी माझ्या मनाला समजावलं, आणि दादांच्या ‘ल’ च्या शेजारी सुबक ‘तौ’ काढला. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. घोडी बसवली, तारा चढवल्या, सूर लावला. अब्बा परत आले तेव्हा सतार तयार होती आणि माझा चेहरा कधी वाकडं पाऊल न टाकलेल्या माणसासारखा होता.

दीड वाजता बाई आल्या. अब्बांनी सतार त्यांच्या हातात दिली, ‘‘बघा वाजवून’’ म्हणाले आणि पाठ फिरवून एक जुनी खुंटी घासायला बसले. बाईंनी डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली. खालचे सूर, मधले, वरचे. दोनेक मिनिटं झाली असतील. अब्बा गप्प, मी गप्प. माझ्यानं ते धरवेना. मला उत्तर पाहिजे होतं. चार वर्षं थांबलेला माणूस आणखी चार मिनिटं थांबू शकला नाही. आणि मी विचारलं, ‘‘हाऊज दॅट, मॅडम?’’

लव्हली, रिअली लव्हली, असं बाई म्हणाल्या ते तेव्हा.

मी लगेच मराठीत अब्बांना सांगितलं, ‘‘अब्बा, पसंत आहे म्हणतात.’’

बाईंनी आणखी थोडं वाजवलं, हसऱ्या चेहऱ्यानं, मान डोलावत. मग सतार खाली ठेवली आणि पेटीकडं हात नेला. मी पेटी उघडून धरायला पुढं झालो. घड्याळात पावणेदोन. स्टेशनला रिक्षानं दहा मिनिटं. सगळं जिथल्या तिथं.

तेवढ्यात अब्बा उठले. हात लुंगीला पुसले, येऊन बाईंच्या समोर गादीवर मांडी घालून बसले. त्यांना असं गिऱ्हाईकाच्या समोर बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी बाईंकडं नाही, सतारीकडं बघितलं, आणि अगदी हळू, सावकाश म्हणाले,

‘‘व्हॉट एल्स?’’

बाई चपापल्या. मीही. आमच्या अब्बांच्या तोंडून इंग्रजी म्हणजे मुक्यानं अजान दिल्यासारखं. ‘‘नो, नो, इट्स लव्हली,’’ बाई पुन्हा म्हणाल्या.

अब्बांनी मान हलवली, म्हणजे पोचलं. आणि बसून राहिले. उठले नाहीत, पुढचं काही बोलले नाहीत. कपाळाला आठी नाही, घाई नाही. आंब्याच्या दिवसांत पाडाला आलेल्या फळाखाली बसावं तसे बसले होते. बाहेर एक हातगाडी गेली. मौलाचाचांच्या दुकानातून ‘‘कसं? कसं?’’ ऐकू आलं. ती शांतता मला सोसेना, म्हणून मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर अब्बांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. जोरात नाही, पण मी तोंड मिटलं.

बाईंनी सतारीकडं बघितलं. मग आपल्या डाव्या हाताच्या बोटांकडं.

‘‘वेल,’’ त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग बोलायला लागल्या ते भरभर. मला जेवढं कळलं तेवढं मी अब्बांना सांगत गेलो, आणि सांगताना माझा आवाज खाली खाली जात होता. आवाज खरंच सुंदर आहे, त्या म्हणत होत्या. पण वरच्या पडद्यांवर तार ओढून मींड घेतली की सूर आत जातो, बंद होतो. आधी वाटलं, आपलंच बोट चुकतंय. तीनदा करून बघितलं. मग हा मुलगा इतक्या आनंदानं विचारायला लागला, त्याला कसं सांगायचं?

शेवटचं वाक्य मी अब्बांना सांगितलं नाही. पण बाईंनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून अब्बांना ते कळलं असावं.

‘‘मला ठाऊक हुतं,’’ अब्बा म्हणाले. ‘‘तू विचारायच्या आधी तिनं तीन डाव एकाच पडद्यावर मींड घेतली. तिन्ही डाव मधेच सोडली. तू विचारलंस, आणि त्यानंतर एकबी मींड घेतली न्हाई. सरळ सरळ सूर वाजवले, तुला बरं वाटावं म्हणून.’’

दाढ उपटून घ्यायला बसला असला तरी आधी फाइन म्हणतो. वहीत रेघ ओढून ठेवलं होतं मी ते. माझ्या कानात सरांची गिरणी वाजायला लागली.

‘‘गाडी किती वाजता हाय म्हणालास?’’

‘‘तीन.’’

‘‘बाईंना म्हण, चहा घ्या. घोडी उचल.’’

तारा सैल करताना मी मुद्दाम वेळ लावत होतो. चुकलेल्या जवारीमुळं कमी, आणि घोडीखालच्या अक्षरामुळं जास्त. उचलली की अब्बांना दिसणार. मी ती उचलून सरळच धरायला बघत होतो, तर अब्बांनी हात पुढं केला. दिली. त्यांनी पालथी केली.

‘ल’ आणि त्याच्या शेजारी माझा ‘तौ’.

मला वाटलं, आता बोलणार. कारागिरीत खोटं केलं, वडिलांच्या मागं केलं, आणि बाजूला दादांचं अक्षर. काहीही बोलले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी अंगठा जिभेला लावला, माझं अक्षर पुसलं, दादांच्या अक्षराला धक्का लागू न देता, आणि घोडी माझ्या हातात परत दिली.

‘‘बाजाची तार ओढली की जरा सरकती. सरकून जिथं जाती तिथं तू घासलंच न्हाईस,’’ ते म्हणाले. ‘‘तार उभी असताना तू ऐकलंस. वाजवणारा तिला उभी कुठं ठेवतो?’’

‘‘तुम्ही काढा, अब्बा. वेळ कमी आहे.’’

‘‘का? हात न्हाईत?’’

कालचाच प्रश्न. पण काल त्यात थट्टा होती, आज नव्हती. मी खाली मान घालून बसलो. बाई समोर चहाचा कप घेऊन, न बोलता माझ्या हातांकडं बघत होत्या. मी आता त्यांच्याकडं बघत नव्हतो, अब्बांकडंही नाही. चार हात कानस, मग बारीक कागद, मग बोटाचं पेर फिरवून बघायचं. पहिल्यांदाच मी ऐकण्यासाठी नाही, तर तार जिथं जाईल तिथं आधी जाऊन उभं राहण्यासाठी घासत होतो.

घासता घासता हळूच म्हणालो, ‘‘तुम्हीपण शेवटी विचारलंच की.’’

‘‘हं.’’

‘‘मग विचारायचं नाही असं का म्हणता?’’

अब्बा खुंटी घासत होते. बोलतील असं वाटलं नव्हतं, पण बोलले. ‘‘‘कसं हाय’ म्हणून इचारलं, की माणूस आपल्या तोंडाकडं बघून सांगतो. वाद्याकडं बघून न्हाई. म्हणून न्हाई इचारायचं. पण तू इचारलंस, आणि ती बिचारी छान म्हणून बसली. आता तिला परत फिरायला वाट नको? छान तर छान. आणखी काय?’’

कुपवाडे सरांनी मला हा प्रश्न महिनाभर घोकायला लावला होता. तो कशासाठी असतो, ते मला त्या दिवशी अब्बांनी शिकवलं, ज्यांना त्यातल्या दोन शब्दांपलीकडं इंग्रजीतलं काही येत नव्हतं.

सव्वादोनला मी शेवटचा कागद फिरवला. घोडी बसवायला उचलली, तशी अब्बांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली.

‘‘लिही.’’

‘‘आत्ता? त्यांनी वाजवून तर बघू देत.’’

‘‘त्यांनी वाजवल्यावर कुणीबी लिहील.’’

मला ते समजायला एक क्षण लागला. नाव लिहायचं ते गिऱ्हाईकाच्या पसंतीनंतर नाही, आधी. पसंत पडो न पडो, हे काम माझं, असं स्वतः म्हणायचं असतं. मघाशी मी लिहिलं ते उत्तर आधीच ठरवून. आता लिहायचं ते उत्तर माहीत नसताना. मी लिहिलं. मघाच्याइतकं सुबक आलं नाही. हात ओला होता, आणि ‘तौ’ ची एक मात्रा वाकडी गेली ती आजही वाकडीच असणार.

तारा चढवल्या, सूर लावला, सतार बाईंच्या हातात दिली.

‘‘बघा वाजवून,’’ मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. आणि पाठ फिरवून खुंट्यांचा डबा पुढं ओढला.

पाठ फिरवून बसणं हे किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं. अब्बा घुमे होते म्हणून पाठ फिरवत नव्हते. चेहऱ्यानंसुद्धा प्रश्न विचारला जातो, तो विचारला जाऊ नये म्हणून फिरवत होते. माझ्या पाठीला जणू डोळे फुटले होते. खुंट्या मोजत होतो आणि आकडा सातापुढं जात नव्हता.

बाईंनी खालून सुरुवात केली. मग वरच्या त्याच पडद्यावर आल्या. मींड घेतली. तार ओढली गेली आणि सूर तिच्याबरोबर वर चढला, उघडा, भरलेला, कुठंही न बसता. त्यांनी ती पुन्हा घेतली. आणखी लांब. चौथ्यांदा घेतली तेव्हा आढ्याच्या भोपळ्यांतून बारीक घुमल्यासारखं झालं. मग त्या थांबल्याच नाहीत. चहा गार झाला. शेजारचे मौलाचाचा दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनीही काही विचारलं नाही, हे त्या दिवसातलं दुसरं आश्चर्य.

शेवटी मलाच घड्याळाकडं बोट करावं लागलं. अडीच वाजून गेले होते. बाईंनी सतार पेटीत ठेवली, झाकण लावलं. लव्हली म्हणाल्या नाहीत. डोळे पुसले, अब्बांना वाकून नमस्कार केला, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. गाडी त्यांना मिळाली. रिक्षावाला आमच्याच गल्लीतला होता.

त्यानंतर सत्तावीस वर्षांत माझं अक्षर पुष्कळ घोड्यांच्या पोटावर गेलं. आता त्या गादीवर मी बसतो. परदेशी गिऱ्हाइकं येतात, मी त्यांच्याशी भरपूर इंग्रजी बोलतो, प्रवास कसा झाला, मिरजेची हवा कशी वाटली, सगळं विचारतो. वाद्य हातात दिल्यावर मात्र मी खुंट्यांचा डबा ओढतो. माझी मुलगी म्हणते, पप्पा फार उर्मट दिसता. दिसत असेन.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. बाई गेल्यावर संध्याकाळपर्यंत मी अब्बांच्या आजूबाजूला घुटमळत होतो. जिभेच्या टोकावर एकच प्रश्न होता आणि तो मला मराठीत, दखनीत, इंग्रजीत, तिन्ही भाषांत येत होता. झाडलोट केली, हत्यारं पुसून ठेवली, तारांची वेटोळी करून खुंटीला अडकवली. प्रश्न गिळला. दिवेलागणीला अब्बा मोरीवर हात धूत होते, माझ्याकडं पाठ करून. साबण लावता लावता, पाण्याशी बोलावं तसे म्हणाले,

‘‘मींड चांगली उतरली आज.’’

मी विचारलं नव्हतं.